सही कोणाची, पैसा कोणाच्या हाती?

कर्ज कोणाच्या नावावर आहे, हे बँकेच्या खातेवहीत स्पष्ट लिहिलेले असते. ती रक्कम घरी गेल्यावर कोणाच्या हाती पडली, कशासाठी खर्च झाली आणि हप्त्याचे पैसे कोणाच्या कष्टातून उभे राहिले, यासाठी मात्र खातेवहीत रकाना नसतो. व्यवहारात त्याची गरजही भासत नाही. हप्ता वेळेवर जमा झाला की खाते निर्दोष ठरते. परदेशातील काही नामांकित विद्यापीठांत मात्र एक पदव्युत्तर अभ्यासक्रम असा आहे, की त्यातील बरीचशी चर्चा या नसलेल्या रकान्याभोवतीच फिरते. वॉरिक विद्यापीठात तो 'लिंगभाव आणि आंतरराष्ट्रीय विकास' या नावाने शिकविला जातो. ससेक्स विद्यापीठाच्या आवारातील विकास अध्ययन संस्थेत त्याचे नाव 'लिंगभाव आणि विकास' असे आहे, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्याला जागतिकीकरणाची जोड दिलेली आहे.

व्यापारी घरातील एखादी मुलगी बी.कॉम. झाल्यावर या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक वडिलांपुढे ठेवते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यातून पुढे काय?" हा प्रश्न मुळीच गैर नाही. पैसे भरणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी तेथे काय शिकविले जाते ते समजून घ्यावे लागते, आणि बहुतेक घरांत चर्चा तेथवर पोहोचतच नाही. 'स्त्रियांचे प्रश्न' एवढाच अर्थ घेऊन विषय मिटविला जातो.

आधी शब्दाविषयी. लिंग हे निसर्गाने दिलेले असते. पुरुषाने काय करावे, स्त्रीने काय करावे, कोणते काम कोणाला शोभते, तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हे समाज ठरवितो. या समाजाने ठरविलेल्या भागाला लिंगभाव म्हणतात. म्हणूनच या विषयात पुरुषांचाही अभ्यास होतो आणि वर्गात मुलगेही असतात.

विषयाची पायाभरणी एका अर्थतज्ज्ञ स्त्रीने केली, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या वाचकांना आवडावी. एस्टर बोसरुप या डेन्मार्कच्या विदुषी १९५०च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षे भारतात राहून संशोधन करीत होत्या. पुढे १९७० साली आर्थिक विकासातील स्त्रियांच्या भूमिकेवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या शेती प्रामुख्याने स्त्रियाच करीत होत्या. तेथे गेलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी शेतकरी म्हणजे पुरुष, असे गृहीत धरले. सुधारित अवजारे, नगदी पिके, प्रशिक्षण, सारे पुरुषांना दिले. कुदळ धरणारे हात तसेच राहिले आणि उत्पन्न मात्र दुसऱ्या हाती गेले. विकासाने सर्वांचे सारखेच भले होते, या समजुतीला तेथे पहिला मोठा तडा गेला.

आपल्याकडेही जवळजवळ त्याच काळात असा एक धक्का बसला. स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ साली तयार झाला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची परिस्थिती सुधारतच गेली असणार, असे सुशिक्षित वर्ग मानून चालला होता. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या. १९७१च्या जनगणनेत ती संख्या ९३० वर आली होती. प्रगतीच्या ताळेबंदातील ही तूट कोणाच्या लक्षातच आली नव्हती. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. देशातील ते पहिलेच.

या अभ्यासक्रमात काय वाचले जाते हे समजण्यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात पुण्यात जर्मन भाषा शिकवीत असत. नंतर नेदरलँड्समधील द हेग येथील सामाजिक अध्ययन संस्थेत स्त्रिया आणि विकास या विषयाचा अभ्यासक्रम उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर त्यांनी केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने आला.

नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेसचे काम आणले. दलाल सूत देतो, स्त्री घरी बसून सुईने लेस विणते, दलाल ती परत नेतो, पुढे निर्यातदार ती परदेशी पाठवितो. व्यापारी वाचकाला ही साखळी नवी नाही. मीस यांनी प्रश्न केला तो मजुरीच्या दराचा. इतके तास काम करूनही दर इतका कमी कसा? कारण त्या स्त्रीला कामगार मानलेच जात नव्हते. ती 'गृहिणी', आणि लेस हा तिचा फावल्या वेळचा उद्योग, असे दलाल म्हणे, तिचा नवरा म्हणे आणि बहुधा ती स्वतःही म्हणे. जनगणनेतही ती बिनकामाची. परकीय चलन मिळवून देणारा माल तिच्या हातून जात होता आणि धंद्याच्या हिशेबात तिची नोंद कोठेच नव्हती. निर्यात वाढली तसे त्या धंद्यात व्यापारी म्हणून पुरुष पुढे आले. स्त्रिया सुईपाशीच राहिल्या.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. तेथेही पान-तंबाखू घरी येते आणि वळलेली विडी मोजून परत जाते. याच्या शेजारी लिज्जत पापडाचे उदाहरण ठेवून पाहावे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. तेथेही पीठ घरी नेऊन पापड लाटला जातो, म्हणजे कामाची पद्धत नरसापूरसारखीच. परंतु लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे आणि नफ्यात तिचा वाटा आहे. काम घरी होते की कारखान्यात, यापेक्षा मालकी कोणाची, हा प्रश्न अधिक वजनाचा ठरतो. हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही, असे कोणी म्हणेल. तथापि गिरगावातील गोष्ट गिरगावातच राहून नेमकी दिसते असेही नाही.

आता कर्जाचा मुद्दा. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा या खेड्यात लहान कर्जांचा प्रयोग सुरू केला. १९८३ साली ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ साली बँकेला व युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तारण नाही, कर्जदार बहुतांशी गरीब स्त्रिया, आणि परतफेड उत्तम. जगभरच्या बँकांनी या प्रयोगाकडे आदराने पाहिले, ते योग्यच होते. या यशोगाथेत १९९६ साली अॅन मरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता या दोन संशोधिकांनी एक अवघड प्रश्न विचारला. कर्ज स्त्रीच्या नावावर निघते, पण ते वापरते कोण? ग्रामीण बँकेसह चार संस्थांच्या कर्जदार स्त्रियांकडे जाऊन त्यांनी प्रत्येक कर्जाचा माग काढला. सुमारे ६३ टक्के कर्जांत त्या स्त्रीचे पैशावरील नियंत्रण अर्धवट, नाममात्र किंवा शून्य होते. पैसा पती, मुलगा किंवा भाऊ वापरीत होता, आणि हप्ता वेळेवर भरण्याची चिंता मात्र तिची. संस्थेच्या दप्तरी ती सक्षम उद्योजिका होती.

येथे बहुतेकांना वाटेल की विषय संपला. अभ्यासक्रमाचे खरे शिक्षण यापुढे सुरू होते. त्याच वर्षी सईद हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या अभ्यासात वेगळ्या फूटपट्ट्या लावल्या : ती स्त्री एकटी बाजारात किंवा दवाखान्यात जाते का, लहानमोठी खरेदी स्वतः ठरवते का, घरातील मोठ्या निर्णयांत तिला विचारले जाते का, तिच्या स्वतःच्या नावावर काही मालमत्ता आहे का. अशा मापाने पाहता कर्ज घेणाऱ्या स्त्रियांची स्थिती सुधारलेली दिसली. पुढे २००१ साली नाइला कबीर यांनी या वादाच्या मुळाशी हात घातला. त्यांनी विचारले, कर्जाचा उपयोग झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार संशोधकाचा की कर्जदार स्त्रीचा? स्त्रियांशी सविस्तर बोलल्यावर त्यांना असे आढळले, की पैसा नवऱ्याने वापरला तरी तो आपल्यामुळे घरात आला, या गोष्टीने पुष्कळ स्त्रियांचा घरातील मान वाढला होता आणि त्यांच्या शब्दाला किंमत आली होती. पती-पत्नी मिळून धंदा करीत असतील तर 'नियंत्रण कोणाचे' हा प्रश्नच काहीसा तोकडा पडतो.

कोणाचे बरोबर? वर्गात याचा निकाल लावला जात नाही. विद्यार्थिनीने तिन्ही अभ्यास वाचून, त्यांनी काय मोजले, कसे मोजले आणि काय मोजलेच नाही, हे दाखवायचे असते. ज्यांनी आयुष्यभर वसुलीच्या टक्केवारीवर शाखेचे मूल्यमापन होताना पाहिले आहे, त्यांना या शिस्तीचे मोल कळेल. वसुली ९८ टक्के असणे आणि कर्जदाराचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९९२पासून नाबार्डच्या पुढाकाराने बचत गट बँकांशी जोडले गेले, आणि आज गटाच्या बैठकीत सही करणाऱ्या हजारो स्त्रिया गावोगाव दिसतात. गटाच्या कर्जातून शिलाई यंत्र आले की नवऱ्याची दुचाकी, हे शोधणे बँकेच्या तपासणीत क्वचितच बसते. आणि दुचाकी आली म्हणून ते कर्ज वायाच गेले, असा निष्कर्षही घाईचा ठरेल. त्या दुचाकीवर तीच दूध डेअरीत नेत असेल.

अभ्यासात आणखी एक साधा तक्ता असतो, दिवसाच्या चोवीस तासांचा. घरातील स्त्री व पुरुष यांनी कोणत्या वेळी काय केले ते लिहायचे. भारताच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली असा कालवापराचा पाहणी अभ्यास देशभर केला. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात दिसले. आणि अशा कामात मुळी भाग न घेणारे पुरुष तर या सरासरीत आलेच नाहीत! आकडेवारीची आवड असलेल्या विद्यार्थ्याला असे बारकावे येथे भरपूर मिळतात. केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर २००५-०६ पासून स्त्रियांसाठीच्या तरतुदींचे वेगळे विवरणपत्र येते. ते वाचणे आणि त्यातील कोणती तरतूद खरोखर स्त्रियांपर्यंत पोहोचते हे तपासणे, हे तर सरळसरळ लेखापरीक्षणाच्या वळणाचे काम आहे. बी.कॉम. झालेल्या मुलीची येथे अडचण होत नाही. उलट ताळेबंद वाचण्याची सवय तिला उपयोगी पडते.

ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम पूर्णवेळ एक वर्षाचा असतो. पहिले दोन सत्रे वर्ग, निबंध आणि चर्चा, उन्हाळ्यात प्रबंधिका. पाठांतराला वाव नसतो. आपल्याकडे गुणवत्ता यादीत आलेली मुलेही पहिल्या निबंधावर "वर्णन पुष्कळ, विचार कमी" अशा अर्थाचा शेरा पाहून खट्टू होतात. याची तयारी आधीच ठेवावी. जेवणाची काळजी आजीला अधिक असते. विद्यार्थी निवासांत सामायिक स्वयंपाकघर असते आणि डाळ-तांदूळ सर्वत्र मिळतात, एवढे तिला सांगण्यास हरकत नाही.

खर्चाबाबत मोकळेपणाने बोलले पाहिजे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी या विद्यापीठांचे शुल्कच वीस हजार पौंडांच्या पुढे जाते. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. समजा, तीस लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळात चढणारे व्याज त्यात धरलेले नाही. या क्षेत्रातील नोकऱ्या स्वयंसेवी संस्था, संशोधन केंद्रे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, शासकीय प्रकल्प आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग यांत असतात. त्यांपैकी पुष्कळ करारावरच्या, दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांच्या असतात आणि सुरुवातीचा पगार व्यवस्थापन शाखेच्या तुलनेत कमीच. हप्ता आणि हा पगार शेजारी मांडून पाहावेत, मगच सही करावी. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, तेवढाच दिलासा.

यासाठीच शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षभर आधी करावेत. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती संपूर्ण खर्च देते. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती आजही मिळते. पदवीनंतर लगेच परदेशी जाण्यापेक्षा एक-दोन वर्षे एखाद्या संस्थेत, पतपेढीत किंवा बचत गटांच्या महासंघात काम करून जाणे अधिक शहाणपणाचे. शिष्यवृत्तीसाठी तर ते लागतेच, आणि खेडे न पाहिलेल्या मुलीला नरसापूरचे पुस्तक केवळ पुस्तकच वाटते. ज्यांना एवढा खर्च पेलणारा नाही, त्यांनी पुण्याकडे पाहावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात लिंगभाव, संस्कृती आणि विकास या विषयात एम.ए. करता येते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेच. अध्यापनाचा दर्जा तेथे उणा नाही. जगभरच्या सहाध्यायांचा वर्ग मात्र मिळत नाही.

या अभ्यासाचा एक परिणाम माहितीपत्रकात छापलेला नसतो. मुलगी घरातील कागद वाचू लागते. बिना अग्रवाल यांचा दक्षिण आशियातील स्त्रियांच्या जमीनहक्कावरील ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि तो या विषयाच्या वाचनयादीत हमखास असतो. कायद्याने मिळालेला वाटा बहिणी भावासाठी का सोडतात, याची चिकित्सा त्यात आहे. संकटात माहेरचे दार उघडे राहावे म्हणून त्या हक्क सोडतात; म्हणजे तो त्याग एक प्रकारचा विमाहप्ताही असतो. महाराष्ट्रात यासाठी हक्कसोडपत्र हा छापील मजकुराचा दस्तऐवज आहे आणि त्याच्या मोबदल्यात साडीचोळी हा रूढ शब्द. अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीत, ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर घर नाही व जमीनही नाही, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांना पतीकडून मारहाण झाल्याचे आढळले. घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. २००५ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा वाचल्यावर हक्कसोडपत्राकडे केवळ कौटुंबिक सौहार्दाचा कागद म्हणून पाहणे कठीण जाते.

हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, याची पुष्कळ घरांत स्पष्ट जाणीव नसते. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहहिस्सेदार मानले. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तसा कायदा झाला. आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. कायदा असा, आणि भाऊबीजेचे ताट तसे. दोन्ही खरी आहेत. मुलगी शिकून आली की घर फोडील, ही भीती काही वडिलांच्या मनात असते व ती ते बोलून दाखवीत नाहीत. प्रत्यक्षात तिचा पहिला प्रश्न बहुधा आईविषयीचा असतो. दुकान आईच्या नावाने आहे, विक्रीकराच्या काळापासून आहे, विवरणपत्रावर सही तिची आहे. मग वर्षाचा नफा किती, हे आईला ठाऊक आहे का?

खरे तर हा प्रश्न मुलगी विमानात बसण्यापूर्वीच उभा राहतो. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणून राहता फ्लॅट दिला जातो, आणि आयकराला सोयीचे पडते म्हणून तो फ्लॅट पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असतो. तेव्हा गहाणखतावर आईची सही लागते. कागद इंग्रजीत असतात. सही मराठीत असेल तर मजकूर वाचून, मातृभाषेत समजावून दिला, असे वेगळे पत्र बँक घेते. अधिकारी कागद पुढे सरकवून तिला विचारतो, "ताई, सगळे समजले ना?" बहुतेक वेळा उत्तर शेजारच्या खुर्चीतून येते : "हो हो, समजले आहे, मी सांगितले आहे तिला." या वेळी मात्र दुसऱ्या बाजूला मुलगी बसलेली असते. ती आईच्या हातातील पेन हलकेच बाजूला ठेवते आणि पहिल्या पानापासून वाचू लागते.